अपसामान्य मानसशास्त्र: विकार ओळखताना गोंधळ होतो, आणि वाचताना मावशी आठवते. मदत हवी आहे

अबोली

नमस्कार. मी मानसशास्त्राच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. या सत्रात अपसामान्य मानसशास्त्राचा पेपर आहे आणि दोन ठिकाणी अडले आहे.

पहिली अडचण परीक्षेची. निकष पाठ आहेत, पण प्रकरण सोडवायला दिलं की चुकतं. परवाच्या चाचणीत २३ वर्षांचा मुलगा होता. ४ महिन्यांपासून त्याला आवाज ऐकू येतात, लोक पाळत ठेवतात अशी पक्की खात्री, बोलण्यात संगती नाही, कॉलेज सुटलं. त्याआधी काहीही त्रास नव्हता. मी स्किझोफ्रेनिया लिहिलं. बाईंनी शून्य दिलं आणि शेरा मारला, ‘कालावधी बघ’. पुढच्या प्रकरणात खूप खचलेली एक बाई होती, तिला ‘तू कुणाच्या कामाची नाहीस’ असे आवाज येत होते. तिथे स्किझोअफेक्टिव्ह (स्किझोफ्रेनियाची लक्षणं आणि मनःस्थितीचा विकार दोन्ही असलेला आजार) लिहिलं, तेही चुकलं.

दुसरी अडचण लिहायला जड जाते. माझ्या मावशीला स्किझोफ्रेनिया आहे. ती तासन्‌तास एका जागी बसायची, अंघोळीलाही उठायची नाही. घरात सगळे तिला आळशी म्हणायचे. मीही म्हटलं आहे. आता पुस्तकात ‘नकारात्मक लक्षणे’ हे प्रकरण वाचायला घेतलं की पान उलटत नाही. आजी आजही म्हणते, माझंच काहीतरी चुकलं म्हणून पोरीचं असं झालं. आणि रात्री झोप नीट लागली नाही की मला वाटतं, आता माझी पाळी.

जाणकारांनी कृपया सांगावं.

पारिजात

अबोली, हा विषय बरीच वर्षं शिकवते, म्हणून ‘तू’ म्हणते.

आधी तो मुलगा. लक्षणं तू बरोबर ओळखलीस. डीएसएम-५ (अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ संघटनेची निदान-पुस्तिका) प्रमाणे स्किझोफ्रेनिया म्हणायला आजाराच्या खुणा एकूण किमान ६ महिने दिसाव्या लागतात, आणि त्यात ठळक लक्षणांचा १ महिना. १ महिना ते ६ महिन्यांच्या मधलं असेल तर स्किझोफ्रेनिफॉर्म विकार. महिन्याच्या आत सगळं ओसरून माणूस पूर्ववत झाला, तर तो अल्पकालीन मनोविक्षिप्ती (वास्तवाशी नातं तुटणं) विकार. तुझ्या चाचणीतला मुलगा ४ महिन्यांवर आहे, म्हणजे स्किझोफ्रेनिफॉर्म. पण हेच प्रकरण आयसीडी-११ ने, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणाने, सोडवलंस तर तुझं उत्तर बरोबर ठरतं, कारण तिथे १ महिना पुरतो. माणूस तोच, लक्षणं तीच, पुस्तक बदललं की नाव बदलतं. म्हणून उत्तराच्या पहिल्याच ओळीत कोणतं वर्गीकरण वापरते आहेस ते लिही, आणि तुमच्या अभ्यासक्रमात कोणतं धरलं आहे ते बाईंना विचारून घे.

त्या बाईच्या प्रकरणात एकच प्रश्न विचारायचा होता: मन ठीक असतानाही आवाज येतात का? फक्त नैराश्याच्या काळातच येत असतील तर ते मनोविक्षिप्त लक्षणांसह नैराश्य. उदासी नसतानाही २ आठवडे किंवा जास्त आवाज चालू राहिले, तर स्किझोअफेक्टिव्हचा विचार. मी विद्यार्थ्यांना कागदावर आडवी रेघ मारायला लावते. रेघेवर महिने, वरच्या बाजूला मनःस्थिती, खालच्या बाजूला भास (नसलेलं ऐकू किंवा दिसू येणं) आणि भ्रम (खोटी पण पक्की खात्री). कुठे एकमेकांवर येतात आणि कुठे एकटे उरतात ते डोळ्यांना दिसतं. निकषांची यादी पाठ करून हे कळत नाही, कारण यादीत वेळ शेवटच्या ओळीत असतो आणि आपण तिथपर्यंत पोहोचायच्या आत नाव ठरवून टाकतो.

नशेचे पदार्थ आणि शारीरिक कारणं मात्र आधी बाजूला काढायची. थायरॉइड मंद असला तरी माणूस नैराश्यात असल्यासारखा दिसू शकतो.

आता मावशी. ‘नकारात्मक’ म्हणजे वाईट नव्हे. जे असायला हवं ते उणे होतं, ते हे: इच्छा, बोलणं, चेहऱ्यावरचे भाव. भास आणि भ्रम औषधांनी पुष्कळदा ओसरतात, ही लक्षणं मात्र औषधांना फारशी दाद देत नाहीत. उठण्यासाठी आतून जो धक्का लागतो, तोच आजाराने नेलेला असतो. तू लहान होतीस, तुला हे कुणी सांगितलं नव्हतं.

आजीला जरूर सांग: १९४८ साली मनोविश्लेषक फ्रीडा फ्रॉम-राइखमन यांनी असं लिहिलं की आईच्या वागण्यातून स्किझोफ्रेनिया निर्माण होतो. पुढे या कल्पनेला संशोधनातून आधार मिळाला नाही आणि ती सोडून द्यावी लागली, पण मधल्या काळात असंख्य आया हा दोष उराशी धरून जगल्या. आजारी माणूस घरी आल्यानंतर सतत टीका आणि चिडचिड झाली तर आजार उलटायची शक्यता वाढते, एवढं खरं. ते कारण नव्हे, आणि ते बदलता येतं.

तुझ्या भीतीबद्दल: या आजाराच्या आनुवंशिकतेचा अभ्यास करणारे गॉट्समन यांच्या आकडेवारीत सर्वसाधारण लोकांत हे प्रमाण १%, आजारी माणसाच्या भाचे-पुतण्यांत ४%, आणि त्याच्या एकसारख्या जुळ्या भावंडातही ४८%. जनुकं सारखी असूनही अर्ध्याहून जास्त जुळी भावंडं सुटतात. तुझ्यासारख्या १०० भाचरांपैकी ९६ जणांना हा आजार होत नाही. झोप न लागणं हा त्याचा पुरावा नव्हे. पण भीतीनेच झोप जात असेल तर विद्यापीठातल्या समुपदेशकांना भेट. इथे कुणीही तुझं निदान करू नये, मीसुद्धा.

उंबरठा

पारिजात यांनी रेघेचं सांगितलं, त्यावर माझा अनुभव. मला बायपोलर आहे, म्हणजे मन कधी फार खचतं, कधी फार उसळतं. पहिल्यांदा डॉक्टरांकडे गेलो तो खचलेला असताना, आणि नैराश्य म्हणून गोळ्या सुरू झाल्या. त्याच्या दोन महिने आधी मी दहा दिवस रोज तीन तास झोपून ताजातवाना होतो, उधार पैसे घेऊन धंदा काढायला निघालो होतो. ते कुणी विचारलं नाही आणि मला तो आजार वाटलाच नव्हता, मी खूश होतो. त्या गोळ्यांवर असतानाच मी पुन्हा उसळलो. खरं नाव सापडायला पुढची चार वर्षं गेली.

तेव्हा अबोली, समोर नैराश्य आलं की आधी कधी उलट टोक गाठलं होतं का, ते विचारल्याशिवाय उत्तर लिहू नका. परीक्षेतही आणि पुढे खुर्चीच्या त्या बाजूला बसाल तेव्हाही. घरच्यांनाही विचारा.

आणि एक विनंती. ‘स्किझोफ्रेनिक’, ‘बायपोलर माणूस’ असं लिहू नका. ‘बायपोलर असलेला माणूस’ लिहायला दोन सेकंद जास्त लागतात.

पारिजात

उंबरठा, हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. अबोली, आकडे जोडून ठेव: उन्मादासाठी (मन असं उसळलेलं असण्यासाठी) किमान १ आठवडा, सौम्य उन्मादासाठी सलग ४ दिवस. यांचे दहा दिवस बघ कुठे बसतात ते.

अबोली

ताई, दादा, कालपासून तीनदा वाचलं. दोन्ही प्रकरणांच्या रेघा मारल्या. बाईच्या कागदावर आवाज सगळे उदासीच्या खालीच आले, एकटे कुठेच नाहीत. मग चूक दिसली. बाईंना विचारलं, आमच्याकडे डीएसएम-५ आहे.

आजीशी बोलले. १९४८ चं सांगितल्यावर ती बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली, ‘हे त्या वेळच्या डॉक्टरला कुणी का नाही सांगितलं?’ मावशी शेजारच्या खोलीत होती. मी आत जाऊन तिच्याजवळ बसले. उठ म्हटलं नाही.

समुपदेशकांची वेळ गुरुवारची मिळाली आहे. एक शंका राहिली: व्यक्तिमत्त्व विकारांना रेघ कशी मारायची? ते तर सुरू कधी झाले तेच सांगता येत नाही.

पारिजात

तिथे रेघ महिन्यांची नको, वर्षांची घे. तरुण वयापासून पुढे, घरी, मैत्रीत, कामात, सगळीकडे तीच तऱ्हा दिसते का ते बघायचं. एकाच काळात किंवा एकाच माणसापुढे दिसत असेल तर थांब आणि दुसरं काही शोध. गुरुवारनंतर एखादं प्रकरण सोडवून इथेच टाक, तपासून देते.