उपवासकाळात क्वायरनं काय गावं? शुक्रवारचं मनन ते ईस्टरची रात्र

अल्टो_वसई:
यंदा उपवासकाळातल्या शुक्रवारी क्रूसाची वाट (येशूच्या क्रूसमार्गाची प्रार्थना) झाली की २० मिनिटं गायनातून मनन ठेवायचं ठरलंय. क्वायरमध्ये आम्ही १४ जण, पुरुष तीनच. काहींना आलेग्री या संगीतकाराचं 'मिसेरेरे'च (५१व्या स्तोत्राची लॅटिन रचना) हवंय. कीबोर्ड नसला की दुसऱ्या कडव्यातच सूर उतरतो. वाद्य चालतं का? आणि ५१वं स्तोत्र मराठीत बसवायचं कसं?

पेटीवाला:
आलेग्री सोडा. त्यात पाच आणि चार आवाजांचे दोन गट आहेत, म्हणजे आवाजांच्या नऊ वेगळ्या ओळी, शिवाय सोप्रानोला (बायकांचा सगळ्यात वरचा आवाज) वरचा सी. लोक प्रार्थना सोडून 'लागतोय का' तेच बघत बसतील. तेच स्तोत्र सगळे एकाच सुरावटीत घ्या, दोन बाजूंनी आलटून पालटून. आठ-दहा ओव्या पुरतात, मध्ये शांतता ठेवा.

वाद्य चालतं, पण फक्त गाण्याला आधार म्हणून. नुसत्या वाद्याचे सुरुवातीचे आणि मधले तुकडे बंद. अपवाद चौथा रविवार आणि सण-महासण, उदा. १९ मार्च (संत जोसेफ), २५ मार्च (मरियेला देवदूताचा संदेश). म्हणजे तुमच्या मननात गाण्याखाली पेटीवर हलका षड्ज धरून ठेवायला हरकत नाही.

सूर उतरतो तो बहुतेक एकाच स्वरावर ओळ म्हणताना. प्रत्येक श्वासानंतर आवाज केसभर खाली लागतो आणि उतरत्या जागा जरुरीपेक्षा जास्त उतरतात. दर दोन ओव्यांनी पेटीवर हळूच स्वर तपासा. तरी उतरलाच, तर पट्टी अर्धा स्वर वर घेऊन बघा, पुष्कळदा तेवढ्यानंच भागतं.

शब्दसूर:
मराठीची अडचण ओळीच्या शेवटी येते. 'देवा, माझ्यावर दया कर' ही ओळ घ्या. बोलताना 'कर' एकच अक्षर, चालीत मात्र शेवटी दोन स्वर. मग गाणारे 'र' लांबवतात आणि ऐकणाऱ्याला 'दया करा' ऐकू येतं. देवाला अहो-जाहो! दोन्ही स्वर 'क'वरच घ्या आणि 'र' अगदी शेवटी सगळ्यांनी एकदम मिटवा. सरावात आधी नुसते बोलून म्हणा, मग सूर लावा.

प्रत्येक ओळीच्या मध्यावर एक पूर्ण श्वास थांबायचं. इथेच घाई होते. जुन्या दगडी चर्चमध्ये घुमारा विरला की पुढचा अर्धा भाग सुरू करा. मनन त्या थांबण्यातच होतं, म्हणून ते कापू नका.

तेनर_निर्मळ:
पवित्र सप्ताहाची तयारीही आत्ताच करा. गुरुवारी ग्लोरियाला (देवाच्या गौरवाचं गीत) घंटा वाजल्या की पास्का जागरणातल्या (ईस्टरच्या रात्रीची उपासना) ग्लोरियापर्यंत घंटा गप्प, वाद्य फक्त आधाराला. त्याच गुरुवारी पवित्र साक्रामेंताच्या (पवित्र भाकरीच्या) मिरवणुकीत 'पांजे लिंग्वा' या लॅटिन गीताची पहिली चार कडवी म्हणा, वाट लांब असली तर तीच पुन्हा. शेवटची दोन, 'तांतुम एर्गो'पासून, ठिकाणावर पोचल्यावरच. ती आधीच संपवून टाकण्याची चूक सर्रास होते.

गुड फ्रायडेला क्रूसाच्या वंदनेला चार आवाजांचं काही हवंच असेल, तर स्पॅनिश संगीतकार व्हिक्टोरियाचं 'पोपुले मेउस' (१५८५) आवाक्यातलं आहे. बहुतेक ठिकाणी चारही आवाज एकत्र हलतात, गुंता कमी. पण तीन पुरुषांत तेनर (पुरुषांचा वरचा आवाज) आणि बास (खालचा) दोन्ही भरायचे, तर एका ओळीवर एकटाच उरतो. तो खोकला की संपलं! अल्टोतली एक खालच्या आवाजाची बाई तेनरला द्या.

जागरणात फादर आलेलुया तीनदा म्हणतात, दर वेळी एक पायरी वर. पहिला पांढरी एकच्या (सी) वर गेला, तर तिसऱ्याला लोक गप्प होतात. आधी त्यांच्या कानाशी हळूच स्वर द्या. उपवासकाळात चाळीसहून जास्त दिवस न उच्चारलेला हा शब्द लोकांना स्वतः म्हणता आला पाहिजे.

अल्टो_वसई:
आभार. मार्चच्या उकाड्यात पंख्यांच्या घरघरीवर उपाय?

पेटीवाला:
वीसही मिनिटं बंद ठेवलेत तर लोक हातपंखे हलवत बसतील. स्तोत्र चालू असेल तेवढाच वेळ क्वायरवरचे पंखे बंद करा, लोकांवरचे चालू ठेवा. नाहीतर त्या पंख्यांखाली उभ्या गाणाऱ्यांना एकमेकांचा सूर नीट ऐकू येत नाही.