शब्दचर्चा: ‘उक्तं’, ‘बिगारी’ आणि एक नसलेला शब्द

सदाफुली: घरावर मजला चढवतोय. काल मिस्त्रींनी विचारलं, "ताई, उक्तं देताय की हजेरीनं?" मी नुसती मान हलवली. हजेरी कळली, उक्तं म्हणजे काय? शिवाय ‘बिगारी’ त्यांच्या तोंडी सहज येतो, मला मात्र उच्चारताना अवघडल्यासारखं होतं. वेठबिगारीतलाच ना तो?

कऱ्हाकाठचा: उक्तं म्हणजे ठोक. ब्रासचा नाहीतर फुटाचा दर ठरवायचा, मग माणसं किती लागली नि दिवस किती गेले ते तुम्ही बघायचं नाही. आमच्याकडे ‘काम अंगावर घेतलं’ असंही म्हणतात. हजेरीत रोज डोकी मोजायची. उक्त्यात काम झपाट्यानं होतं, फक्त भिंत सरळ येतेय ना, ते मधूनमधून स्वतः ओळंबा लावून बघा. आणि हो, वाळूचा ब्रास 100 घनफुटांचा, गिलाव्याचा 100 चौरस फुटांचा. यावरून भांडणं होतात.

पाटीवाला: ‘बेगार’ फारसीतून आला, अर्थ फुकट राबवून घेतलेलं काम. ‘वेठ’ संस्कृत ‘विष्टि’वरून, अर्थ तोच. म्हणजे ‘वेठबिगार’ एकच गोष्ट दोनदा सांगतो. 1976 च्या कायद्यानं प्रथा बंद झाली, शब्द मात्र अर्थ उलटा करून टिकला. आजचा बिगारी रोज, म्हणजे दिवसाची मजुरी, ठरल्याशिवाय घमेल्याला हात लावत नाही. जुन्या शाळांत पहिलीच्या खालच्या वर्गालाही बिगारीच म्हणत, तेव्हा अपमान वगैरे मनावर घेऊ नका.

कऱ्हाकाठचा: यात ‘खर्ची’ घाला. टोळीचा हिशेब काम संपल्यावर होतो, तोवर बाजाराच्या दिवशी मुकादम हातात थोडे पैसे ठेवतो, ती खर्ची. आधी घेतलेली ती उचल, न आलेला दिवस म्हणजे खाडा. आमच्या गावचा बाजार या खर्चीवर चालतो. कामं थांबली की आधी बोंबील-सुकट विकणारीला कळतं, मग किराणावाल्याला, सिमेंटच्या दुकानदाराला सगळ्यांच्या शेवटी.

पाटीवाला: यात अतिशयोक्ती नाही. 2022-23 च्या केंद्राच्या श्रमबल पाहणीत देशातल्या दर 100 काम करणाऱ्यांपैकी सुमारे 13 बांधकामावर होते, कारखानदारीपेक्षा जास्त. पण ‘हजेरी’ची गंमत बघा. 1996 च्या कायद्यानं बांधकाम खर्चाच्या 1 टक्का उपकर कामगारांच्या कल्याणासाठी घेतला जाऊ लागला. त्यासाठीच्या कल्याण मंडळात नोंदणी करायची तर आधीच्या 12 महिन्यांत 90 दिवस काम केल्याचा दाखला हवा. रोज कामाच्या शोधात नाक्यावर उभ्या माणसाचे आठवड्यात चार मालक बदलतात. हजेरी रोजची, दाखला द्यायला कोणी नाही.

लाईनदोरी: माझी आई बावीस वर्षं बिगारी होती, म्हणून लिहिते. एकास सहाचा माल (एक भाग सिमेंट, सहा भाग वाळू) ती डोळ्यांनी ओळखायची, पाणी जास्त झालं की फावडं आपटायची. तिच्याबरोबर लागलेल्या पोरांना दोन वर्षांत मिस्त्रींनी थापी दिली. आधी दरजा, म्हणजे विटांमधल्या फटी, भरायला, मग वीट लावायला, मग गवंडी. आईच्या हातात घमेलंच राहिलं. मुद्दा शब्दाचा आहे. ‘गवंडीण’ म्हटलं की आपल्याला गवंड्याची बायको डोळ्यांसमोर येते, भिंत बांधणारी बाई नाही. मुकादमाच्या भाषेत तर बाई ही जातच वेगळी: "उद्या दोन गडी, तीन बाया पाठव." गड्याचा रोज वेगळा, बाईचा वेगळा.

कऱ्हाकाठचा: खरं आहे. मी स्वतः असंच बोलतो.

पाटीवाला: झारखंडात स्वच्छ भारतची शौचालयं बांधायला बायकांना गवंडीकाम शिकवलं, तिकडे त्यांना ‘रानी मिस्त्री’ म्हणतात. पुरुष राजमिस्त्री, म्हणून या रानी. आपल्याकडे ‘गवंडीताई’ चालेल का?

लाईनदोरी: ताई कशाला? गवंडीच म्हणा. डॉक्टर म्हणताना कुठे काय लावतो?

सदाफुली: उक्तं नको, हजेरीनंच द्यायचं ठरवलं. आत्ताच मिस्त्रींची वही उघडून बघितली. ‘गवंडी 2, बिगारी 3, बाया 2.’ गवंडी-बिगारी एकत्र लिहिलेत, बाया तेवढ्या वेगळ्या ओळीत. दोघींचा रोज किती ते लिहिलेलं नाही. सकाळी माल कालवायच्या आधी विचारते.