मदत हवी आहे: घरची बिअर निवळत नाहीये, आणि मासळी-जिलेटिन घालायचं नाही

मंडळी, मी मिनेसोटात राहतो. अमेरिकेत १९७८ च्या कायद्यापासून घरच्यापुरती बिअर करायला मुभा आहे. सध्या तळघरात कारबॉयमध्ये (बिअर आंबवायच्या मोठ्या बरणीत) पाच गॅलन पेल एल ही फिकट रंगाची बिअर आहे. मॅरिस ऑटर जातीच्या बार्लीचा माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य), थोडा गव्हाचा माल्ट, यीस्ट यूएस-०५, शेवटी वरून कॅस्केड जातीचे हॉप्स (कडवट, सुवासिक फुलं). हायड्रोमीटर (द्रवाची घनता, म्हणजे उरलेली साखर दाखवणारं उपकरण) १.०५० वरून १.०११ वर येऊन थांबलाय, वरचा फेस बसलाय, तळाशी साक्याचा जाड थर आहे. चव छान आहे, पण बिअर अजून गढूळच.

पाण्यात तुरटी फिरवावी तसं बिअरमध्येही काही घालतात म्हणे. पण आयसिंग्लास माशाच्या वाताशयापासून होतं, जिलेटिन जनावरांच्या कातड्या-हाडांपासून. पिणाऱ्यांत माझी बहीण आणि मेव्हणे पक्के शाकाहारी आहेत. त्यांना न सांगता पाजणं मला अजिबात पटत नाही. नुसती वाट पाहावी का? आणि सगळं यीस्ट खाली बसलं तर बाटलीत गॅस कसा तयार होणार?

प्रतिसाद १
आधी गढूळपणा कशाचा आहे ते शोधा. थोडी बिअर बशीत काढून आयोडीनचा थेंब टाका. निळी-काळी झाली तर स्टार्च उरलाय, तो थांबून जाणार नाही. तसं नसेल तर एक ग्लास बाहेर आणि एक फ्रिजमध्ये ठेवा. बाहेरचा वरून हळूहळू नितळ होत गेला तर ते यीस्ट. साखर संपली की यीस्टच्या पेशी एकमेकींना चिकटून गुठळ्या होतात आणि जड होऊन बसतात. यूएस-०५ याबाबतीत संथ आहे, एस-०४ हे दुसरं यीस्ट लवकर आणि घट्ट बसतं. गॅसची काळजी नको. नितळ दिसणाऱ्या बिअरमध्येही बाटलीतली साखर आंबवण्यापुरतं यीस्ट तरंगत असतं.

धागाकर्ता
आभार! आयोडीनचा रंग बदलला नाही. बाहेरचा ग्लास बराच नितळ झालाय, फ्रिजमधला मात्र धुरकट. तोच बाहेर काढून ठेवला तर पुन्हा स्वच्छ झाला.

प्रतिसाद २
मग हा थंडीतला धुरकटपणा. धान्यातली प्रथिनं आणि हॉप्स व धान्याच्या सालीतली पॉलिफेनॉल्स (तुरट द्रव्यं) थंडीत जोडली जातात, ऊब मिळाली की सुटतात. गव्हामुळे प्रथिनं वाढतात, वरून घातलेल्या हॉप्समुळे पॉलिफेनॉल्स. चवीला काही अपाय नाही.

कारबॉय १-२ अंश सेल्सियसवर आठवडाभर ठेवा, हे कणही बसतात. पण थंड होताना आतली हवा आकसते आणि एअरलॉकमधून (झाकणावरच्या पाणी भरलेल्या, गॅस बाहेर सोडणाऱ्या नळीतून) बाहेरची हवा किंवा पाणी आत ओढलं जातं. प्राणवायू लागला तर बिअर शिळी लागते, तेव्हा त्याचा बंदोबस्त आधी करा. नळी साक्याच्या वर धरूनच बाटल्या भरा.

पुढच्या वेळी प्रथिनं आधीच खाली बसावीत म्हणून उकळीच्या शेवटच्या १५ मिनिटांत आयरिश मॉस घाला. ते समुद्री शेवाळ आहे, तुमच्या बहिणीलाही चालेल.