आजी-आबाजींना नुसतं हॉटेलात नेऊन नाही भागत

ताई, वाढदिवसाला तुम्ही आजी-आजोबांना हॉटेलात जेवायला नेता हे छानच, पण त्यांना घरात कामाचा मान पण द्या असं मला मनापासून वाटते. आमच्या नागपूरच्या महाल भागातल्या घरी तान्हा पोळा, म्हणजे लहान पोरांचा लाकडी बैलांचा पोळा, हा आबाजींचाच सण, आठ दिवस आधीच ते लाकडी नंदी काढतात, रंगाचा हात मारतात, बेगड लावतात, मग पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नातवाले घेऊन घरोघरी बोजारा, म्हणजे पोरांना मिळणारा खाऊ-पैसे, मागायला निघतात आणि कोणतं घर कोणत्या नात्यातलं ते सांगत जातात, आम्हा दोघं नोकरीवाल्यांना हे कुठून जमणार! मागच्या वर्षी त्यांचे गुडघे लईच दुखत होते, फाटकापाशी खुर्ची टाकून बसले, तर पोरानं पहिला बोजारा त्यांच्याच हातून घेतला.