चौघांच्या टेबलावर 'एकाला एक' मारणारे पत्ते हवेत कशाला?

रात्रपाळी
मॅजिक: द गॅदरिंग या पत्त्यांच्या खेळाच्या कमांडर प्रकारात (प्रत्येकाचा एक म्होरक्या पत्ता, तो कमांडर) माझा काळा-हिरवा डेक, म्हणजे पत्त्यांचा संच आहे; कमांडर मेरेन ऑफ क्लॅन नेल टोथ. सहाव्या टर्नपर्यंत मी हमखास मागे पडलेला असतो. डेक पुन्हा उलगडून बघितला, तर नऊ पत्ते असे निघाले की जे समोरच्याचा एकच पत्ता मारतात. दोघांच्या खेळात माझा एक गेला, तुझा एक गेला, हिशोब फिटला. चौघांत आम्ही दोघं एकेक पत्त्याने खाली येतो आणि बाकीचे दोघं आयते पुढे जातात.

उलट फ्लेशबॅग मराउडर घ्या. किंमत तीन मॅना (पत्ते खेळायला लागणारी ऊर्जा, ती मुख्यतः लँड नावाच्या पत्त्यांतून मिळते). तो आला की प्रत्येकाने आपला एक क्रीचर (लढणारा प्राणी-पत्ता) बळी द्यायचा. मी मराउडरच देतो आणि मेरेनचा एक काउंटर मिळवतो (ती टेबलावर असताना माझा दुसरा क्रीचर मेला की मिळणारी खूण). तीन काउंटर जमले की माझ्या प्रत्येक टर्नच्या शेवटी तो ग्रेव्हयार्डातून (मेलेल्या पत्त्यांच्या ढिगातून) फुकट परत येतो आणि तिघांना पुन्हा फटका! म्हणून नऊच्या नऊ काढा असं माझं ठाम मत आहे, समोरचा कोणताही एक पत्ता मारणारा बीस्ट विदिनसुद्धा.

तिसरीखुर्ची
अजिबात पटलं नाही. तिघांचा क्रीचर जातो खरा, पण कोणता ते तेच ठरवतात. ज्याच्याकडे दहा टोकन (दुसऱ्या पत्त्यांनी बनवलेले किरकोळ क्रीचर) आहेत तो एक टोकन देऊन मोकळा होतो.

आणि क्रीचर नसलेल्या पत्त्यांचं काय? आमच्या मागच्या खेळात एकाने तिसऱ्या टर्नला ऱ्हिस्टिक स्टडी टाकला. आम्ही काहीही खेळलो की तो विचारायचा, "एक मॅना भरतोस?" घाईत कुणी भरायचं नाही आणि मग तो एक नवा पत्ता ओढायचा. तिघांचीही समजूत एकच, दुसरा कुणीतरी स्टडी काढेल. शेवटी त्याने दोन्ही हातांत पत्ते पंख्यासारखे धरले होते आणि आमच्याकडे दोन-दोन. एक बीस्ट विदिन असता तर तीन मॅनात विषय संपला असता. बदल्यात त्याला ३/३ ताकदीचा बीस्ट क्रीचर मिळतो, मिळू दे.

रात्रपाळी
पण तो काढायची जबाबदारी माझीच का? तिघं आहोत ना. मी पत्ता खर्च केला की फायदा तुम्हा दोघांचाही होतो.

लँडमोजणारा
दोघंही मूळ दुखण्याला हात लावत नाही आहात. लँड किती आहेत?

रात्रपाळी
३३. शिवाय जादा मॅना देणारी सोल रिंग आहे.

लँडमोजणारा
मग मागे पडणारच, भावा. कमांडर सोडून ९९ पत्ते. चौथ्या टर्नपर्यंत तू ११ बघतोस. ३३ लँडवर त्यात सरासरी ३.६७ येतात, ३८ वर ४.२२. मेरेनलाच चार मॅना लागतात! ती एकदा मेली की पुन्हा खेळायला सहा, परत मेली की आठ. सोल रिंग ९९ मध्ये एकच आहे, तिच्या भरवशावर डेक बांधू नये. नऊपैकी जे महाग आहेत ते काढ, पण त्या जागी लँड घाल. साकुरा-ट्राइब एल्डर नसेल तर आधी तो घे. दोन मॅना, बळी दिला की बेसिक लँड टेबलावर, आणि मेरेन असेल तर काउंटरही.

रात्रपाळी
एल्डर आहे. लँडचं मान्य, ३७ करतो. मॅना कमी असेल तर मराउडरही हातातच कुजतो, हे खरं. पण एकाला-एकचं गणित त्याने बदलत नाही.

तिसरीखुर्ची
गणित पत्त्यांचं करतोयस, धोक्याचं नाही. तुझा डेक ग्रेव्हयार्डावर जगतो. स्टडीवाल्याचा डेक निळा-काळा असेल आणि भराभर पत्ते ओढत असेल, तर बोजुका बॉग त्याच्या हातात लवकरच येणार. तो लँड आहे, टाकायला मॅनाही लागत नाही, आणि तुझं अख्खं ग्रेव्हयार्ड खेळाबाहेर. आम्हा दोघांचं त्यात काहीच जात नाही. म्हणून स्टडी काढायची घाई आमच्यापेक्षा तुला जास्त हवी.

रात्रपाळी
हा मुद्दा माझ्या डोक्यात आला नव्हता. बीस्ट विदिन राहील. बाकीचे आठ मात्र आज रात्रीच काढतोय.

तिसरीखुर्ची
आठ नको रे, पाच काढ.