खान्देशात शांत रस्त्यांनी चार दिवस सायकल : कुठून जावं?

अमळनेरची_सायकलवाली

नमस्कार मंडळी. माहेर अमळनेर, गेली सोळा वर्षं पुण्यात. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मी आणि माझी एक मैत्रीण चार दिवस खान्देशात सायकल चालवणार आहोत. रोज साठ-सत्तर किलोमीटर आरामात होतात. दोघींच्या रोड सायकली आहेत, टायर २८ मिमीचे. मुक्काम कुठंही चालेल, स्वच्छ संडास आणि दाराला आतून कडी एवढीच अट.

सायकल मी बोरी नदीच्या काठी शिकले, वडिलांच्या मोठ्या सायकलीच्या दांड्याखालून पाय घालून, कैची मारत. वाडी संस्थानापासून प्रताप हायस्कूलपर्यंत असं चालवत गेले की घरचे शोधत यायचे. साने गुरुजी ज्या शाळेत शिकवायचे तिच्या फाटकाला मी पहिल्यांदा धडकले, हे मला अजून भूषणाचं वाटतं. पण तालुक्याबाहेरचा खान्देश मी बसच्या आणि सुरत पॅसेंजरच्या खिडकीतूनच पाहिला आहे.

मागच्या वर्षी एकटीनं जळगाव ते पारोळा हायवेनं केलं. पाळधीच्या पुढं एका कंटेनरनं इतकं घासून ओव्हरटेक केलं की मी मुरमात उतरले, कोपर सोलवटलं. तेव्हापासून ठरवलंय, हायवे फक्त ओलांडायचा, त्यावरून चालवायचं नाही.

जुनी ठिकाणं बघायची आहेत : पारोळ्याचा किल्ला, एरंडोलचा पांडववाडा, पाटणादेवी, जमलं तर थाळनेर. नकाशावर गावागावांना जोडणाऱ्या बारीक रेषा भरपूर दिसतात, पण त्यातली कुठली डांबरी, कुठली खडीची, कुठं पूल वाहून गेलाय, हे नकाशा सांगत नाही. त्या रस्त्यांवर रोज वावरणाऱ्यांनी सांगावं.

निवृत्त_डाकवाला

ताई, एरंडोल तालुक्यात एकतीस वर्षं सायकलवर टपाल वाटलं. आता गुडघ्यामुळे रोज जमत नाही, पण रविवारी अजून निघतो. तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा. आपल्याकडं रस्ता शांत आहे की नाही, हे रस्त्यावर नाही, पिकावर आणि घड्याळावर ठरतं. आषाढात ज्या वाटेवर तासभर चिटपाखरू दिसत नाही, तीच डिसेंबरात कापसाच्या टेम्पोंनी भरते. धरणगाव, एरंडोल, पारोळा या पट्ट्यात तेव्हा सरकी काढणाऱ्या जिनिंग गिरण्यांकडं जाणाऱ्या गाड्या असतात. गाठोडी गाडीच्या दोन्ही अंगांनी हातभर बाहेर आलेली, चालकाला मागचं काही दिसत नाही. पण त्या गाड्या दहाच्या आधी क्वचितच निघतात. शेतात वेचणी व्हायची, भरायचं, मग निघायचं. म्हणून उजाडताच, पावणेसातला सायकलवर बसा आणि साडेदहाला कुठल्या तरी पारावर टेका. तेवढे चार तास सगळा खान्देश तुमचा.

आता वाट. पहिल्या दिवशी अमळनेरहून पारोळा, वीसेक किलोमीटर. किल्ला गावातच आहे, भोवती खंदक. तिथून एरंडोलला सरळ जाल तर हायवे लागेल, म्हणून किल्ला पाहून त्याच रस्त्यानं अमळनेरला परत या आणि घरी झोपा. उलटं चालणं जिवावर येतं, पण मी हेच सांगेन. दुसऱ्या दिवशी धरणगावमार्गे एरंडोल. धरणगाव हे भिल्ल कोअरचं, म्हणजे इंग्रजांनी उभारलेल्या भिल्लांच्या पलटणीचं, ठाणं होतं, १८२५ साली ती तिथंच उभी राहिली. एरंडोलला पांडववाडा पाहा, मग हायवे ओलांडून पद्मालयाची वाट धरा.

पद्मालयाबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण ती माझी रोजची वाट होती. शेवटचा टप्पा जंगलाचा, साग आणि पळस. डिसेंबरात सागाची पानं वाळून पडायला लागलेली असतात, चाकाखाली पापडासारखी मोडतात, तो आवाज सोडून दुसरा आवाज नाही. चढ आहे, पण उतरून ढकलावं लागेल असा नाही. वर गणपतीच्या दोन मूर्ती, एक उजव्या सोंडेची आणि एक डाव्या सोंडेची, शेजारी कमळांचं तळं. मी थैली खांद्यावरून काढून तळ्याच्या पायरीवर ठेवायचो. एकदा मनिऑर्डरचे पैसे मोजताना दहाची नोट पाण्यात गेली, तर पुजाऱ्याच्या पोरानं कमळाची पानं बाजूला करून ती काढून दिली आणि वाळेपर्यंत दगडाखाली दाबून ठेवली. खाली उतरलात की म्हसावद स्टेशन जवळ आहे, थकलात तर तिथून गाडी मिळेल.

तिसरा दिवस दक्षिणेकडं : कासोदा, फरकांडे, भडगाव. फरकांड्याला झुलते मनोरे म्हणून जी जुनी वास्तू आहे ती लांबूनच पाहा, हलवून बघायला कुणी सांगितलं तरी हात लावू नका, बांधकाम म्हातारं झालंय. भडगावहून गिरणेच्या अंगानं बहाळ. इथं उत्खननात ताम्रपाषाण काळातली वस्ती सापडली. बहाळहून वाघळीचं जुनं मंदिर करून चाळीसगाव. या भागात जामदा कालव्याच्या पाटाकडेनं मातीची वाट आहे, सावलीची आणि गाड्यांविना. मात्र पाटाला पाण्याचं आवर्तन सुटलं असेल तर ती चिखलाची होते. तुमच्या बारीक टायरांनी तिथं जाऊ नका, डांबरावरूनच या.

चौथा दिवस पाटणादेवी, चाळीसगावहून अठराएक किलोमीटर. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं तिथं त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याचा शिलालेख भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. गौताळा अभयारण्य लागतं, फाटकावर नोंद करावी लागते. अंधार पडायच्या आत बाहेर या.

पंक्चरचं बोलायचं राहिलं. बाभळीच्या काट्याला लोक घाबरतात, तो दिसतो तरी. खरा वैरी सराटा. हरभऱ्याएवढा, चारी बाजूंनी टोकं, कसाही पडला तरी एक टोक वर. पाऊस सरला की रस्त्याच्या कडेच्या गवतातून तो डांबरावर येतो. म्हणून समोरून गाडी आली की कच्च्या साईडपट्टीवर उतरू नका, थांबलात तरी डांबरावरच थांबा आणि निघताना टायरवरून हात फिरवा. हात फिरवायची ही सवय मला एका जुन्या सायकलवाल्यानं लावली. पोस्टाच्या सायकलीला त्यानंतर पंक्चर होईना.

रावेरकर

काकांनी एवढं लिहिलंय की आमच्या बाजूचं फारसं उरत नाही, तरी सांगतो. अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्ता, म्हणजे चोपडा, यावल, फैजपूर, सावदा, रावेर, टाळाच. केळीचे ट्रक चालतात. आमच्याकडं कापणी सकाळी होते, गाड्या दुपारनंतर भरतात, रात्रभर धावतात.

पण त्याला समांतर, सातपुड्याच्या पायथ्याला गावरस्ते आहेत. अडावदजवळ उनपदेवला गरम पाण्याचा झरा आहे, सायकलच्या दिवसानंतर पाय टाकून बसायला तो हवाच. चार दिवसांत हे बसणार नाही, पुढच्या वेळी ठेवा. त्याच फेरीत मुक्ताईनगरकडं चांगदेवाचं देऊळ घ्या. तापी आणि पूर्णा तिथं मिळतात, हतनूर धरणाच्या फुगवट्यावर थंडीत पाहुणे पक्षी उतरतात.

यावलच्या बाजूला कुणी भरीत पार्टीला बोलावलं तर नाही म्हणू नका. पऱ्हाटीच्या जाळावर भाजलेलं हिरवं वांगं, लाकडी बडगीत ठेचलेलं, सोबत कळण्याची भाकरी. पोटभर खाल्लंत तर दुपारी सायकल चालवता येणार नाही, एवढं धरून चाला.

अमळनेरची_सायकलवाली

काका, डोळ्यांत पाणी आलं वाचताना. वडीलही चाकावरून असाच हात फिरवायचे, मला वाटायचं धूळ पुसतायत.

आता थाळनेरचं विचारते. ते या वाटेत बसत नाही हे दिसतंय. शिरपूरहून वेगळा दिवस काढावा इतकं आहे का तिथं?

तापीकाठ

आहे, ताई. मी शिरपूरचा, शाळेत इतिहास शिकवतो, दरवर्षी मुलांना सायकलीवर तिथं नेतो. सकाळी जाऊन जेवायला परत.

खान्देशावर राज्य करणाऱ्या फारुकी घराण्याचा पाया तिथला. फिरोजशाह तुघलकाकडून मलिक राजाला १३७० मध्ये थाळनेर मिळालं. त्याच्या मुलानं पुढं असीरगड घेतला आणि बऱ्हाणपूर वसवलं. आपण बऱ्हाणपूरचं नाव घेतो, पण सुरुवात या तापीच्या काठावरची. गावात फारुकी राजांच्या कबरी आहेत, त्यातली एक अष्टकोनी, भिंतींवर नाजूक कोरीव काम. किल्ल्याची पडझड झालीय, माती नदीकडं उतरत चाललीय. १८१८ मध्ये इंग्रजांनी तो घेतला तेव्हा किल्लेदाराला फाशी दिली. मुलांना तिथं उभं करून हे सांगितलं की आवाज बंद होतो.

मला तिथं सगळ्यात आवडतं ते काठावरचं. म्हशी पाण्यात, पलीकडं दक्षिणेचा तीर धुक्यात, बुरुजाचा विटांचा गाभा उघडा पडलेला. मुली सायकली भिंतीला टेकवतात आणि त्या विटांवर तळहात ठेवतात, का ते मी विचारत नाही.

वाटेत म्हाताऱ्या बायका थांबवून विचारतील, "कथा चालनी माय?" घाईत पुढं जाऊ नका. उतरा, सांगा कुठं जाताय. पाणी मिळेलच, आणि पुढच्या फाट्यावर पूल चालू आहे का बंद, हेही त्याच सांगतील.

अमळनेरची_सायकलवाली

ठरलं. पारोळा, एरंडोल-पद्मालय, कासोदा-बहाळ-चाळीसगाव, पाटणादेवी. थाळनेरसाठी मैत्रिणीनं एक दिवसाची रजा वाढवली आहे. म्हसावदचा मुक्काम बघते. डाकवाले काका, रविवारी निघणार असाल तर पद्मालयाच्या चढावर भेटू. २० तारखेला सकाळी पावणेसातला अमळनेरहून निघून आम्ही एरंडोलच्या पांडववाड्यासमोर येऊ.

निवृत्त_डाकवाला

२० ला आहे मी. सायकल जुनी काळी, पुढं लाल थैली अडकवलेली. हवा आजच भरतो.