मानायचे ते खरे म्हणून, की हिताचे म्हणून?

सह्यवासी

महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीनुसार साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे असले इलाज करणे हा गुन्हा आहे. त्याच कायद्याने यात्रा, प्रदक्षिणा, कीर्तन, भजन यांना मात्र स्पष्टपणे वगळले आहे. प्रदक्षिणेने पुण्य लागते का, या प्रश्नात कायदा शिरत नाही. कोणाला इजा होते एवढेच तो पाहतो, आणि कायद्यापुरते ते योग्य आहे. माझा प्रश्न त्यापलीकडचा आहे. आपण स्वतः एखादी गोष्ट मानतो तेव्हा ती खरी आहे का हे पाहावे, की ती मानल्याने आपले भले होते का हे पाहावे? माझ्या मते निकष सत्य हाच असला पाहिजे, आणि याचे कारण सर्पदंशाच्या उदाहरणातून स्वच्छ दिसते.

आपल्याकडचे बहुसंख्य साप बिनविषारी आहेत, आणि विषारी साप चावला तरी प्रत्येक दंशात विष टोचले जातेच असे नाही. त्यामुळे मांत्रिकाकडे नेलेली पुष्कळ माणसे बरी होतात, घरच्यांना धीर मिळतो आणि गावाचा विश्वास दृढ होतो. ‘मानल्याने भले झाले का?’ असे विचारले तर त्यांतली बहुतेक घरे प्रामाणिकपणे ‘हो’ म्हणतील. मग एखाद्या रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार चावते. घोणसाच्या दंशात येते तशी सूज नाही, आग नाही, कित्येकदा दाताची खूणही सापडत नाही. काही तासांत पापण्या जड होतात, गिळता येईनासे होते आणि शेवटी श्वासाचे स्नायू लुळे पडतात. प्रतिविष देऊन, गरज पडल्यास कृत्रिम श्वास देऊन माणूस वाचवता येतो तो याच तासांत, आणि हेच तास मंत्रात जातात. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसे दगावली, असा अंदाज आहे. आजवर भले झाल्याचा अनुभव कितीही मोठा असला, तरी हा दंश वेगळा आहे हे तो सांगू शकत नाही.

मंदाकिनी

सह्यवासी यांनी उदाहरण असे निवडले आहे की ज्यात सत्य तपासता येते, आणि तपासता येते तिथे ते तपासावे याबद्दल माझे दुमत नाही. परंतु माणसाच्या आयुष्यातल्या ज्या श्रद्धांवर त्याचे उभे राहणे अवलंबून असते, त्यांपैकी फार थोड्या अशा असतात. विल्यम जेम्स या अमेरिकन तत्त्वज्ञाने १८९६ साली हीच बाजू मांडली होती: जिथे पुरावा निर्णय देऊ शकत नाही, निर्णय टाळता येत नाही आणि प्रश्न जिव्हाळ्याचा असतो, तिथे मनाची ओढ प्रमाण मानण्याचा माणसाला हक्क आहे. डोंगरात अडकलेल्या माणसाला समोरची दरी उडी मारून ओलांडता येईल असा विश्वास असेल तर पाय नीट उचलला जातो. विश्वास नसेल तर तो डळमळतो आणि माणूस पडतो. विश्वास आधी येतो आणि त्याचे खरेपण नंतर ठरते, अशीही प्रकरणे असतात.

तरुण मुलगा गमावलेली आई ‘तो पांडुरंगापाशी आहे’ असे मानते, सकाळी उठते, नातवंडांचे करते. तिच्या या मानण्याविरुद्ध आपण कोणता पुरावा आणणार आहात? शांतिपर्वात नारद शुकाला सांगतात, ‘यद्भूतहितमत्यन्तमेतत्सत्यं मतं मम’. प्राणिमात्रांचे जे अत्यंत हित, तेच माझ्या मते सत्य. हित आणि सत्य यांना एकमेकांसमोर शत्रू म्हणून उभे करणे आपल्या परंपरेला मान्य नव्हते.

तर्कशेष

मंदाकिनीताई, नारदांचा तो श्लोक काय बोलावे याविषयीचा आहे, काय मानावे याविषयीचा नाही. दुसऱ्याला दुखावणारे सत्य सांगताना तारतम्य ठेवावे, हे मलाही पटते. परंतु स्वतःच्या मनाशी असे तारतम्य ठेवता येत नाही. जेम्स ज्याला उत्तर देत होते त्या क्लिफर्ड या इंग्रज विचारवंताने १८७७ साली एका जहाजमालकाचे उदाहरण दिले होते. आपले जुने जहाज प्रवासाला धड नाही ही शंका मालक मनातल्या मनात दाबतो, ‘इतक्या सफरी झाल्या, हीही होईल’ अशी स्वतःची समजूत घालतो आणि उतारूंनी भरलेले जहाज समुद्रात पाठवतो. जहाज बुडते. क्लिफर्डचे म्हणणे असे की ते सुखरूप पोचले असते तरी मालक तितकाच दोषी ठरला असता, कारण तसे मानण्याचा अधिकार त्याने कमावलाच नव्हता. मला हे कठोर वाटते आणि तरीही बरोबर वाटते.

खाडीकाठ

मी ग्रामीण रुग्णालयात परिचारिका आहे. सर्पदंशाचा रुग्ण आला की त्याला धीर देणे आणि चावलेला हातपाय हलू न देणे, हे आम्हाला प्रथमोपचार म्हणूनच शिकवले जाते. ‘घाबरू नका, काही होणार नाही’ असे आम्ही म्हणतो तेव्हा ते खरे आहे की नाही हे आम्हाला ठाऊक नसते. रुग्णाने ते मानावे असे मात्र मनापासून वाटते, कारण घाबरलेला माणूस हातपाय झाडतो, नळ्या उपसतो, कधी उपचार अर्धवट सोडून घरी जायला निघतो. खाटेजवळ उभे राहून पाहिले की हिताचा निकष इतका हलका वाटत नाही.

सह्यवासी

खाडीकाठ, आपला अनुभव मी वजनदार मानतो. पण आपण देता तो धीर पोकळ नाही. पुष्कळ दंश बिनविषारी असतात आणि वेळेत दिलेले प्रतिविष काम करते, या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत व रुग्णाला तशाच सांगता येतात. दिलाशासाठी फसवणूक नेहमी लागतेच असेही नाही. २०१० साली अमेरिकेत आतड्याच्या जुनाट विकाराच्या ८० रुग्णांवर एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यातल्या एका गटाला ‘या गोळ्यांत औषध नाही’ असे स्पष्ट सांगून गोळ्या दिल्या होत्या, आणि तीन आठवड्यांनी त्या गटाला गोळ्या न घेणाऱ्यांपेक्षा अधिक आराम वाटला.

विंचूदंशाचेही तसेच आहे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर ‘त्याची वेळ आली होती’ या समजुतीवर थांबले असते, तर घरच्यांचे दुःख कदाचित थोडे हलके झाले असते. ते रुग्णांच्या उशाशी बसून विषाने हृदयावर आणि फुप्फुसांवर काय होते याच्या नोंदी करत राहिले, आणि त्यातून प्राझोसिन या औषधाचा उपचार पुढे येऊन मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने खाली आले.

मंदाकिनीताई, त्या आईची श्रद्धा हिरावून घ्यायला मी जाणार नाही. परंतु ती ‘हे मानल्याने मला बरे वाटते’ म्हणून मानत नाही; ते खरे आहे म्हणून मानते. बरे वाटते एवढ्यासाठीच आपण हे धरले आहे असे तिच्या लक्षात आले, तर त्या श्रद्धेतला दिलासा त्याच क्षणी संपेल. म्हणून ज्याला निकष निवडायचा आहे त्याला हिताचा निकष वापरताच येत नाही.

मंदाकिनी

हा मुद्दा मला पेचात टाकतो, पण त्यात मानणे ही एका क्षणी ठरवून करण्याची गोष्ट आहे असे गृहीत धरले आहे. वारीला माणसे सोबतीसाठी जातात, घरची रीत म्हणून जातात, वर्षानुवर्षे चालतात, आणि श्रद्धा त्या चालण्यातून हळूहळू येते. काय करावे हे त्यांनी हिताकडे पाहून ठरवलेले असते. मानणे मागून आलेले असते, आणि आल्यावर ते खरेपणानेच मानले जाते. हित इथे श्रद्धेची वाट ठरवते, आणि आपला आक्षेप या वाटेला लागू पडत नाही. मात्र उद्या त्या आईकडे कोणी ‘तुमच्या मुलाचा निरोप आणून देतो’ असे सांगून पैसे मागू लागला, तर मी आपल्याच बाजूने उभी राहीन, कारण त्या वेळी तपासता येण्याजोगा दावा केला गेलेला असेल आणि तो तपासणे हेच तिच्या हिताचे असेल.